एका दरवाजाचा हिशेब: ठोकायचा की बदलायचा, आणि गॅरेजवाल्याला उरतं काय?



"गॅरेज टाकायचंय सर" असे फोन मला आठवड्याला दोन-तीन तरी येतात. पहिला प्रश्न भांडवल किती लागेल, दुसरा कर्ज कुठलं मिळेल. मागच्या महिन्यात आलेला फोन मात्र उलटा होता. मिरज-सांगली रस्त्यावर सहा वर्षं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवणारा आपला एक प्रेक्षक. वय बत्तिसेक. म्हणाला, "सर, गॅरेज बंद करावं म्हणतोय. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये २५,००० रुपयांवर बोलावलंय. एक तारखेपासून या म्हणतायत. जाऊ का?"

मी विचारलं, काम नाही का?

"काम आहे की सर. महिन्याला पंचवीसेक गाड्या करतोय. हात रिकामा नसतो. पण महिनाअखेरीला चार-साडेचार हजारांच्या वर काही राहत नाही बघा."

महिन्याला पंचवीस गाड्या आणि उरतात साडेचार हजार. असा प्रश्न फोनवर सुटत नाही. पुढच्या गुरुवारी वही घेऊन गेलो आणि दिवसभर त्याच्या गॅरेजमध्ये बसलो. सगळ्या धंद्याचा हिशेब एका दिवसात होत नाही, म्हणून त्याला म्हटलं, आज जे पहिलं काम येईल त्याचाच हिशेब करू.

सकाळी साडेदहाला एक निवृत्त गुरुजी आले. सहा वर्षं जुनी सिल्व्हर रंगाची हॅचबॅक, मागचा डावा दरवाजा टेम्पोच्या कोपऱ्यानं दाबलेला. खड्डा दीड वीतभर, बरोबर बॉडी लाइनवरून गेलेला, आणि मधोमध रंग तडकून पत्रा उघडा पडलेला. गुरुजींचा पहिलाच प्रश्न: "बाळा, हा ठोकून निघेल का बदलावा लागेल? आणि इन्शुरन्समध्ये बदलला तर फुकट होतो म्हणे, खरं का?"

आमच्या मालकानं दरवाजाकडे दोन मिनिटं बघितलं आणि सांगून टाकलं, "साडेचार हजार द्या गुरुजी, करून टाकतो."

मी त्याला बाजूला घेतलं. दरवाजाचा पॅड खोलला नाही, आत डोकावला नाही, आणि भाव सांगून मोकळा? तो म्हणाला, "सर, एवढ्या वर्षांत नजर बसलीय." नजर बसली असेल, पण नजरेला बाहेरचाच पत्रा दिसतो.

दरवाजाच्या आत काय असतं

गाडीचा दरवाजा म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरचा दिसतो तो पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. आत जाड सांगाडा असतो, त्यावर बिजागऱ्या आणि लॉक बसतं. बाहेरच्या पत्र्याची कड या सांगाड्यावर दुमडून दाबलेली असते. दोघांच्या मधल्या पोकळीत काच, काच मशीन आणि वायरिंग. आणि बहुतेक आधुनिक गाड्यांत त्याच पोकळीत एक आडवी किंवा तिरकी दांडी असते, साइड इम्पॅक्ट बीम. बाजूनं गाडी येऊन धडकली तर दरवाजा आत घुसू नये म्हणून. भारतात ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेल्सना बाजूच्या धडकेची चाचणी सक्तीची झाली, तेव्हापासून या भागाला आणखीच महत्त्व आलं.

ठोकायचं की बदलायचं, हे बरंचसं या दांडीवर ठरतं. ती उच्च ताकदीच्या पोलादाची असते. वाकली तर ती तापवून सरळ करायची नाही, तोडून वेल्डिंगही करायचं नाही. ताप दिला की पोलादाची ताकद जाते. बाहेरून दरवाजा गुळगुळीत दिसेल, पुढच्या अपघातात मात्र आतला माणूस उघडा पडेल. दांडी वाकली असेल तर दरवाजा बदलायचा, तिथे घासाघीस नाही. तसंच बिजागरीच्या किंवा लॉकच्या जागी सांगाडा पिळला असेल, दुमडलेली कड फाटली असेल किंवा खालून गंजून चाळण झाली असेल, तरी ठोकण्यात अर्थ नाही. दोन दिवस घालवाल आणि दरवाजा नीट बसणारच नाही.

पॅड खोलायला लावला. वीस मिनिटांचं काम. बॅटरी लावून बघितलं तर दांडी सरळ होती, काच मशीन मोकळं फिरत होतं. मग दरवाजा लावून चारही बाजूंच्या फटी बघितल्या, सारख्या होत्या. रबराच्या कडेनं कागदाची पट्टी दाबून ओढून बघितली, सगळीकडे सारखीच अडकत होती. म्हणजे मार फक्त बाहेरच्या पत्र्याला होता आणि दरवाजा ठोकून निघणार होता. आता हेच गुरुजींना उघड्या दरवाजातून दाखवलं तेव्हा ते खुर्ची ओढून बसले. तोवर ते पाय काढायच्या तयारीत होते.

साडेचार हजार कुठून आले?

मी विचारलं, हा आकडा आला कुठून? "मार्केट रेट आहे सर. पलीकडचा अडतीसशेत करतो."

वही काढली. आधी महिन्याचा खर्च मांडला. जागेचं भाडं १२,०००. वीजबिल ४,०००. मदतनीस मुलाचा पगार १३,०००, पेंटरचा २०,०००. कंप्रेसर आणि डेंट पुलरच्या कर्जाचा हप्ता ८,०००. चहा, फोन, कोल्हापूरला फेऱ्या असं किरकोळ ३,०००. बेरीज ६०,०००.

"आणि तुझा पगार?"

"माझा कसला पगार सर? मी मालक."

हे उत्तर मला प्रत्येक गॅरेजात, प्रत्येक किराणा दुकानात आणि प्रत्येक खानावळीत मिळतं. मालक सकाळी आठ ते रात्री आठ राबतो आणि स्वतःला शून्य रुपये धरतो. आज तर उत्तर त्याच्या खिशातच होतं. वर्कशॉपवाले त्याच्या हाताचे २५,००० द्यायला तयार आहेत ना? मग बाजारात त्याच्या कामाचा तोच भाव. तो लिहिला. एकूण खर्च ८५,०००.

आता तास. तीन माणसं, रोज आठ तास, महिन्याचे पंचवीस दिवस: ६०० तास. पण ६०० तास विकले जात नाहीत. रंग मिसळून आणायला कोल्हापूरला गेला, पुट्टी सुकायची वाट बघितली, नुसती चौकशी करायला आलेल्या गिऱ्हाइकाशी अर्धा तास बोलला, वीज गेली. त्याची महिन्याची कामं मोजून बघितली तर साधारण ३६० तासांचेच पैसे येत होते. ८५,००० भागिले ३६०, म्हणजे एका तासाला २३६ रुपये. त्या गॅरेजात एका माणसाचा एक तास गिऱ्हाइकाला द्यायचा तर एवढा खर्च आधीच झालेला असतो.

गुरुजींचा दरवाजा किती तासांचा? पॅड, हँडल, काच, पट्टी काढणं दीड तास. वॉशर वेल्ड करून पत्रा ओढणं आणि हातोडी-डॉलीनं बॉडी लाइन बसवणं चार तास. लाइन नसती तर दोन तासांत झालं असतं, पण लाइन एकदा गेली की ती परत आणण्यातच डेंटरचा हात कळतो. पुट्टी आणि घासाई तीन तास. प्रायमर आणि त्याची घासाई दीड. मास्किंग एक. रंग आणि क्लिअर कोट दीड. पॉलिश आणि फिटिंग दोन. एकूण साडेचौदा तास. पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर, रंग, क्लिअर, हार्डनर, थिनर, टेप असं साहित्य १,९०० रुपये. सिल्व्हर रंग आहे, म्हणजे नुसता एक दरवाजा रंगवून चालत नाही. पुढच्या दरवाजाच्या कडेपर्यंत रंग विरळ करत न्यावा लागतो, नाहीतर उन्हात दोन दरवाजे दोन गाड्यांचे दिसतात. तोही खर्च यातच.

साडेचौदा गुणिले २३६, म्हणजे ३,४२२. अधिक १,९००. एकूण ५,३२२.

तो ४,५०० घेत होता. प्रत्येक दरवाजामागे ८२२ रुपये स्वतःच्या खिशातून.

"मग साडेचार हजार तरी कसे राहतात सर हातात?"

त्याचंही उत्तर वहीतच होतं. त्याचा पगार वजा केला तर तासाचा खर्च १६७ पडतो आणि दरवाजाचा खर्च ४,३२१ रुपये. म्हणजे उरले १७९. अशी पंचवीस कामं केली की महिन्याला जवळपास साडेचार हजार. मोठ्या-छोट्या सगळ्या कामांना त्यानं याच अंदाजानं भाव लावले होते, म्हणून बेरीज बरोबर तिथेच येत होती. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. म्हणाला, "म्हणजे सहा वर्षं मी चार हजारांवर कामाला होतो."

आकडे त्याच्या गॅरेजचे आहेत. पुण्यात भाडं वेगळं, लातूरला पगार वेगळे. तुमचे आकडे घालून तुम्हीच मांडा, पण स्वतःचा पगार वगळू नका.

५,३२२ वर पंधरा टक्के धरले तर ६,१२०. आम्ही ६,१०० ठरवले.

गुरुजींचा "फुकट" दरवाजा

आता गुरुजींचा दुसरा प्रश्न. इन्शुरन्समध्ये नवा दरवाजा फुकट पडतो का? इथे अनेक गॅरेजवाले होय म्हणतात, कारण बिल मोठं होतं. आम्ही गुरुजींसमोरच हिशेब मांडला.

या मॉडेलचा नवा दरवाजा कंपनीकडून ११,००० ला येतो. (सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे, तो धरून. आमचा मालक जीएसटीत नोंदलेला नाही, त्यामुळे हा कर त्याला परत मिळत नाही, तो खर्चातच जातो.) येतो तो नुसता सांगाडा, प्रायमर मारलेला. काच, लॉक, वायरिंग, पॅड जुन्यातलंच काढून बसवायचं.

साध्या पॉलिसीत गाडी पाच ते दहा वर्षांची असेल तर धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा कापतात. ११,००० चे ४,४०० गुरुजींचे. रंगकामाच्या एकत्र बिलात पंचवीस टक्के साहित्य धरतात आणि त्या साहित्यावर निम्मा घसारा. ४,००० चं रंगकाम असेल तर ५०० गुरुजींचे. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला सक्तीचे १,००० रुपये प्रत्येक क्लेमला स्वतः भरायचे. झाले ५,९००. झिरो डेप असतं तर घसारा वाचला असता, पण एवढ्या जुन्या गाडीवर ते बहुतेकांनी घेतलेलं नसतं. गुरुजींनीही नव्हतं घेतलं.

आणि खरा फटका पुढे आहे. गुरुजींनी चार वर्षं क्लेम केलेला नाही, त्यांचा नो क्लेम बोनस ४५ टक्क्यांवर आहे. पुढच्या वर्षी ५० होईल. एक क्लेम केला की शून्य. मग पुन्हा २०, २५, ३५, ४५ असं चढत यायचं. त्यांच्या ओन डॅमेजचा प्रीमियम बोनस सोडून साधारण ६,००० धरला, तर पहिल्या वर्षी ३,००० जास्त जातात, मग १,८००, १,५००, ९००, ३००. पाच वर्षांत ७,५००. वय वाढेल तशी गाडीची किंमत आणि प्रीमियम कमी होतो, त्यामुळे आकडा थोडा खाली येईल, पण अंदाज तोच.

५,९०० अधिक ७,५००, म्हणजे फुकटच्या दरवाजाचे १३,४००. ठोकून घेतला तर ६,१००, आणि बोनस जागच्या जागी.

गुरुजींनी आमची वही स्वतःकडे ओढली आणि गणित दोनदा तपासलं. चाळीस वर्षं गणितच शिकवलेलं. मग म्हणाले, "एवढं मला एजंटानंही सांगितलं नव्हतं रे."

हा हिशेब सांगून आमच्या मालकाचं नुकसान झालं का? हेही बघा. नव्या दरवाजाच्या कामात त्याचे तास जातात दहा. बिल सोळा-सतरा हजारांचं दिसतं, पण त्यातले ११,००० स्पेअर पार्टच्या दुकानात जातात. ठोकायच्या कामात त्याचे साडेचौदा तास विकले जातात. बिल लहान असूनही त्याच्या गॅरेजात राहणारा पैसा इथे जास्त आहे. हां, त्या दिवशी दांडी वाकलेली निघाली असती तर क्लेम करा असंच सांगायचं होतं, आणि दरवाजा खोलण्याआधी इन्शुरन्स कंपनीला कळवा असंही. आधी खोललं आणि मग कळवलं तर क्लेम अडकतो.

गुरुजी उठता उठता म्हणाले, क्लेम केलाच तर बंपरवरचा जुना ओरखडापण त्यात घालता येईल का. सहज विचारलं असेल. मालक हसून म्हणाला, "ते मला जमणार नाही गुरुजी." दोघांनीही विषय सोडला.

परत येणारे दरवाजे

दुपारी जेवताना एक गोष्ट कळली, ती सकाळी त्यानं सांगितली नव्हती. महिन्याला दोन गाड्या परत येतात. रंगाखाली फोड, नाहीतर खालच्या कडेला गंज. प्रत्येक गाडीला दहा तास फुकट. महिन्याचे वीस तास, २३६ च्या हिशेबानं ४,७२० रुपये. म्हणजे गुरुजींच्या दरवाजाला तो सांगत होता त्याहून जास्त.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. मदतनीस मुलगा समोरच एका फेंडरवर पुट्टी घासत होता, पाणी मारून. पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते. ते पाणी आत राहतं, वर प्रायमर आणि रंग बसतो, उन्हात गाडी तापली की फोड येतात. पुट्टी कोरडीच घासायची. पाण्याचा कागद प्रायमरवर चालतो. धूळ उडते म्हणून पोरं पाणी मारतात. आणि पुट्टीही पत्रा नीट न ओढता जाड भरलेली. दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेली की दरवाजा आपटून-आपटून ती तडकते.

दुसरं कारण दरवाजाच्या बुडाला. तिथे बारीक भोकं असतात. काचेच्या रबरातून आत गेलेलं पावसाचं पाणी तिथून खाली पडतं. यांच्या गॅरेजात पुट्टी आणि रंग मारताना ती बुजत होती. दरवाजात पाणी साठणार आणि पत्रा आतून गंजणार. गिऱ्हाईक दिवाळीत परत येणार आणि म्हणणार, तुम्ही काम केलं आणि गंज चढला. खरंच आहे की ते. आता रंग झाल्यावर मुलगा तारेनं प्रत्येक भोक उघडून बघतो. पॅडमागचा प्लास्टिकचा कागदही फाटका असेल तर नवा चिकटवतात. तो नसला तर पाणी थेट पॅडमध्ये आणि गाडीत वास.

एक गोष्ट मात्र मी जरा रागावूनच बोललो. पेंटर नाकाला रुमाल बांधून क्लिअर मारत होता. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दमा लागतो, आणि एकदा लागला की त्या माणसाला हा धंदा सोडावा लागतो. रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क ते अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा. महाग आहे, मान्य. कंप्रेसरच्या हप्त्याशेजारी तोही खर्च लिहायला लावला.

जुन्या बाजारातल्या दरवाजाबद्दल बरेच जण विचारतात. मुंबईत कुर्ल्याला मिळतात, इतर शहरांतही मिळतात, आणि दांडी वाकलेल्या जुन्या गाडीला तो चांगला पर्याय ठरतो. लोहचुंबक फिरवून बघा; जिथे नीट धरत नाही तिथे खाली पुट्टी आहे. बुडाची कड आणि आतली दांडी बघा. आणि पक्कं बिल घ्या. बिल नसलेला दरवाजा चोरीच्या गाडीचा निघाला तर पोलीस तुमच्या दारात येतील. २०२१ च्या नियमांनंतर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रं सुरू झाली आहेत, तिथून कागद मिळतो.

गुरुजींनी २,००० आगाऊ दिले. सोमवारी गाडी घेऊन गेले. कागदावर सहा महिन्यांची हमी लिहून दिली, पहिल्यांदाच.

त्या संध्याकाळी शेवटचं गणित नोकरीचं केलं. ६,१०० च्या दरात साहित्य वजा जाता एका कामाला ४,२०० राहतात. वरचा खर्च ६०,०००. महिन्याला वीस कामं झाली तर त्याच्या हातात २४,०००, म्हणजे नोकरीपेक्षा हजार कमी. एकविसाव्या कामाला तो नोकरीच्या पुढे जातो. अठराच झाली तर १५,६००, आणि मग वर्कशॉपला जाणं शहाणपणाचं. भाव वाढवल्यावर गिऱ्हाईक किती तुटेल, हे वहीत सापडत नाही.

त्यानं वर्कशॉपकडून एक महिना मागून घेतला, तिशीच्या आत कळवतो म्हणून. काल त्याचा फोन आला, सतरा तारखेला. नव्या दरानं बारा कामं झालीत. तीन गिऱ्हाइकं पलीकडे अडतीसशेवाल्याकडे गेली, त्यातलं एक परत आलं. गुरुजींनी त्यांच्या एका विद्यार्थ्याची गाडी पाठवलीय, तिच्या दरवाजाची दांडी वाकलेली आहे.